कॅम्पातला बी.ए.

उल्हासनगरच्या कॅम्पात राहणारा तो सिंधी सकाळी कॉलेजात जाई आणि अंबरनाथच्या आमच्या कारखान्यात दुपारपाळी करी. कराचीत तो बी.ए.ला होता; फाळणीत कागदपत्रं गेली, म्हणून इथे पुन्हा पहिल्या वर्षापासून बसला. जेवणाच्या सुट्टीत तोंडात घास असतानाच त्याला डुलकी लागे. हलवलं की म्हणायचा, "साईं, जागाच आहे मी."

अखेर तो पास झाला. मी पेढे घेऊन बराकीत गेलो, तर हा पापड लाटत बसलेला आणि बायको पुस्तकं घेऊन निघालेली.

"इतकी वर्षं पापड विकून हिने मला शिकवलं," तो म्हणाला. "हिचंही कॉलेज तिकडेच सुटलं. आता हिची बारी."

दारातून ती म्हणाली, "पतला बेलना हां, कल के सब मोटे थे."

त्याने मान डोलावली आणि थकल्या हातांनी लाटणं दाबलं.