गुब्बिओच्या डोंगरावर, वेगवेगळ्या पिंजऱ्यांतून

इटलीला जायचं सुहासनं मला विचारून ठरवलं नाही. त्याच्या बायपासला वर्ष झालं, डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलं आणि त्याच संध्याकाळी माझ्या नवऱ्यानं तिकिटं बुक केली. अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलहून निघताना मी बॅगेत कपड्यांपेक्षा औषधंच जास्त भरली.

रोमहून ट्रेननं फोसातो दी विको, तिथून बसनं गुब्बिओ. बसचं वेळापत्रक आधी बघून ठेवा, रविवारी हाल होतात. डोंगराच्या पायथ्याशी राखाडी दगडाचं हे गाव इतकं देखणं, की पहिली दहा मिनिटं आम्ही बस स्टॉपवरच बघत उभे राहिलो. सपाट रस्ता मात्र विसरा. बूट चांगले हवेत. दुपारी पालक आणि चीज भरलेली गरम क्रेश्या खाल्ली, आपल्या जाड पोळीसारखी. दर चढावर मी विचारत होते, “दम लागला का?”

“मीना, प्लीज,” तो शेवटी म्हणाला. “जरा गाव बघू दे.”

दुसऱ्या दिवशी तारेवरून डोंगरावर जाणारे पिंजरे दिसले. खरंच पिंजरे! लोखंडी, उघडे, उभं राहून जायचे. ते थांबत नाहीत. चालत्या पिंजऱ्यात पटकन चढायचं.

“मी जाणार,” सुहास म्हणाला.

“वेडा आहेस का? छातीला टाके पडलेत तुझ्या!”

माझी बाजू घेईल म्हणून लेकीला फोन लावला. रिया म्हणाली, “मॉम, लेट हिम गो.”

मला उंचीची भीती. पिंजरा आला, तिथल्या माणसानं दंडाला धरून सुहासला आत ढकललं, दार लावलं. बघता बघता तो झाडांवरून लहान होत गेला. वर्षभरात पहिल्यांदाच मला त्याला काही विचारता येत नव्हतं.

“सिन्योरा? यू गो?” त्या माणसानं विचारलं.

चार पिंजरे रिकामे सोडले. पाचव्यात चढले. गज घट्ट धरून डोळे मिटले. उघडले तेव्हा गावाची सगळी कौलं पायाखाली होती, आणि इतकी शांतता, की रडूच आलं.

वर सुहास कठड्यापाशी उभा होता. “मला वाटलं, तू येत नाहीस,” म्हणाला. मग थोड्या वेळानं, “एकटं उभं राहून बरं वाटलं गं.”

मला ते लागलं. पण पटलंही.

घरी आल्यावरच्या शनिवारी ग्रोसरीला निघताना त्यानं किल्लीसाठी हात पुढे केला. वर्षभर मीच ड्राइव्ह करत होते. किल्ली दिली, बाजूला बसले. वळणावर माझा पाय आपोआप ब्रेक शोधत होता. तोंडातून मात्र एक शब्द काढला नाही.