पन्नास सेकंदांचं पान

रोह्याहून सुमनवहिनींचा फोन आला तेव्हा मी पेण स्टेशनवर उभा होतो. "भावजी, हे गेले. दहा मिनिटं झाली." रविवार होता, मी त्यांच्याकडेच निघालो होतो. एरवी रोह्याच्या अलीकडचं निडी स्टेशन आलं की मी पिशवी आवरायला घेई. त्या दिवशी गाडी रोह्याला थांबली तरी बसून होतो.

वहिनींचे 'हे' म्हणजे विनायक, माझा शाळेपासूनचा मित्र. मी पेणला गणित शिकवतो, तो रोह्याला एका कंपनीत यंत्रं सांभाळायचा. दोन वर्षांपूर्वी त्याला मज्जातंतूंचा आजार झाला. आधी बोटं, मग हात, मग वाचा, असा क्रम डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितला आणि तो चुकला नाही. विनायकचं म्हणणं एकच होतं, की वाचायचं आणि पान स्वतः उलटायचं. त्याच्याकडे पुस्तकं वाचायचं एक ई-रीडर होतं. त्यातलं ब्लूटूथ फक्त हेडफोनपुरतं. परदेशातल्या कुणी एकानं त्यासाठी तयार कोडची लायब्ररी लिहून नेटवर फुकट ठेवली होती. ती ई-रीडरमध्ये बसवली की बाहेरचं बटणही चालतं. उजव्या हाताची दोनच बोटं चालत होती, तेव्हा विनायकनं सहा आठवडे खपून ती बसवली आणि फोटो काढायच्या रिमोटचं बटण पायाच्या अंगठ्याखाली बांधून घेतलं. मी सवयीनं वेळ मोजली. पानाला पन्नास सेकंद.

"गणित्या, एवढं सांभाळ," तो म्हणाला होता. "वायफाय चालू करू नकोस. हात जोडून सांगितलं असतं, पण ते कुठं जुळतायत."

ऑगस्टमधल्या एका रविवारी तो झोपला होता. उठल्यावर नवं पुस्तक हाताशी असावं म्हणून मी पाच मिनिटांसाठी वायफाय सुरू केलं. पडद्यावर आलं, नवीन आवृत्ती उपलब्ध. कुठलंही काम मागं ठेवायचं नाही ही माझी सवय… मी 'होय' दाबलं. अकरा मिनिटांनी ई-रीडर पुन्हा सुरू झालं आणि बटण मेलं.

लायब्ररी लिहिणाऱ्याला मी पत्र लिहिलं. त्यानं सभ्यपणे कळवलं की नव्या आवृत्तीनं ती वाट बंद केली आहे, दुसरी शोधायला काही महिने लागतील. जुन्या आवृत्तीचं दुसरं ई-रीडर शोधलं, मिळालं नाही. विनायकला सांगितलं तेव्हा त्याचे शब्द जड झाले होते. "झालं ना अपडेट? बरं… आता तू माझा ब्लूटूथ."

वहिनींना त्याचं बाकी सगळंच करावं लागे, म्हणून पानं माझ्याकडे आली. पुढं त्याची वाचा गेली. एकदा पापणी मिटली की हो, दोनदा मिटली की नाही, एवढंच उरलं. एका खुनाच्या तपासाची कादंबरी लावली होती, तीनशे बारा पानांची. तीन रविवार मी घड्याळ समोर ठेवून दर पन्नास सेकंदांनी पान उलटलं. एकूण चार तास वीस मिनिटं. शेवटचं पान झाल्यावर विचारलं, "कळला ना खुनी?" त्यानं एकदा पापणी मिटली.

तेराव्यानंतर वहिनींनी चहा ठेवला. मग म्हणाल्या, "एक सांगू, भावजी? त्यांची नजर शेवटी शेवटी ओळीवर ठरत नव्हती. अर्ध्या पानावर असायचे तेव्हाच तुम्ही उलटायचात."

"मग मला सांगायचं नाही का?"

"सांगणार होते. त्यांना विचारलं, तर दोनदा पापणी मिटली. नाय म्हणजे नाय. तुम्ही आधीच तोंड पाडून बसायचात…"

ते ई-रीडर त्यांनी मला दिलं. पेणला रामवाडीतल्या माझ्या घरी तीच कादंबरी पहिल्यापासून उघडली आणि प्रत्येक पानाचा वरचा अर्धा भाग तेवढा वाचत गेलो. तीनशे बारा पानं झाली. खून कुणी केला, ते मला कळलं नाही.