प्रज्ञाला वाजलेली थंडी

असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. आमच्या बौद्ध घरात भूतखेत, देवऋषी यांना कधी थाराच मिळाला नाही. त्यात मी कलबुर्गीला मलेरियाच्या जंतूवर पीएचडी करते...

माझी धाकटी बहीण प्रज्ञा मंगळूरला नर्सिंग शिकत होती. सुट्टीला आमच्या गावी, दुबलगुंडीला आली ती मलेरिया घेऊनच. ताप मेंदूत गेला. वाचली नाही.

दवाखान्यात अप्पांना विचारून तिचं थोडं रक्त संशोधनासाठी घेतलं होतं. त्यातले जंतू आमच्या लॅबमध्ये गोठवून ठेवले होते. मायला हे कुणीच सांगितलं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात ते जंतू लॅबमध्ये वाढवायचं ठरलं. दुसऱ्या कुणाला काम देतो, असं माझे गाईड सर म्हणाले. मीच नको म्हटलं. त्या जंतूंनीच तिला नेलं होतं. पण तिच्या अंगातलं जिवंत असं जगात तेवढंच उरलं होतं.

हे जंतू रक्ताच्या तांबड्या पेशीत शिरून वाढतात आणि सगळे एकदम पेशी फोडून बाहेर पडतात. माणसाला हुडहुडी भरते ती तेव्हाच. त्या वेळी त्यांचे कोणते जीन चालू होतात, ते मला बघायचं होतं. दुपारी मायक्रोस्कोपखाली पेशी फुटलेल्या दिसल्या, आणि फोन वाजला. माय होती.

"प्रज्ञाला थंडी वाजायलीय गं. दात वाजायलेत तिचे."

"ती न्हाई आता, माय."

"व्हय, ठावं हाय मला. पर थंडी वाजायलीय."

दुःखानं होतं असं, म्हणून मी मनाची समजूत घातली. दोन दिवसांनी पेशींची पुढची फेरी फुटली... आणि मायचा पुन्हा तोच फोन. अप्पांना विचारलं. त्यांनी तिला त्या रक्ताचं काहीच सांगितलं नव्हतं.

मग मला पुढे बघवेना. लागणारे नमुने काढून घेतले, उरलेले जंतू ब्लीच ओतून मारून टाकले आणि तशीच गावची बस धरली. माय ओट्यावर बसली होती. मी काही बोलायच्या आधीच हळू आवाजात म्हणाली,

"निजली बघ आत्ता. उठवू नको तिला."

मी तिच्या मांडीत डोकं घालून रडले. ती थोपटत राहिली — मला की प्रज्ञाला, कोण जाणे.

हे कसं घडलं, मला आजही सांगता येत नाही. प्रज्ञाच्या रक्ताच्या आणखी काही नळ्या लॅबमध्ये गोठलेल्या आहेत. त्या मी कुणाला उघडू देत नाही.