मापाचं ब्लाऊज

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी जन्मभर टिंगल केली. आता तुम्ही माझी केलीत तरी तक्रार नाही.

आम्ही सोलापूरच्या ‘जुळे सोलापूर’ भागात राहतो. गेल्या वर्षी कॅन्सरमुळे माझा डावा स्तन काढला. जखम भरली, पण मी काही धड झाले नाही. कपाटाच्या आरशावर चादर टाकली, अंघोळ दिवा न लावता करू लागले. पुढे डावा हात सुजायला लागला, तोही शालीखाली लपवला. डॉक्टरांना दाखवायचं म्हणजे परत अंग उघडं करायचं… नकोच!

तशात केतकीचा, म्हणजे लेकीचा, साखरपुडा ठरला. "आई, तू हॉलवर नसशील तर मी करणारच नाही," म्हणून ती हटून बसली. शेवटी माझं जुनं मापाचं ब्लाऊज आणि नवा पीस तिच्याबरोबर लक्ष्मीअक्काकडे पाठवला. अक्का माझी लग्नापासूनची शिंपीण. जुन्या मापाचं शिवून येईल, मला होणार नाही, मग आपसूक घरीच राहता येईल — असा माझा डाव!

ब्लाऊज आलं. केतकी ऑफिसला गेल्यावर अंधाऱ्या बाथरूममध्ये घातलं. अगदी चापून बसलं होतं. डावी बाजू सपाट, टाक्यांच्या जागी आतून मऊ मलमल. डावी बाही मुद्दाम सैल… सुजेचं तर केतकीलाही माहीत नव्हतं.

तडक फोन लावला. "अक्का, माप कुणी दिलं?"

"कुणी म्हंजे? मंगळवारी दुपारी तूच आलतीस की!"

"मी उंबरा ओलांडलेला नाही, अक्का."

"चेष्टा करतीस व्हय? पदर काढून आरशापुढं उभारलीस. मी पडदा ओढाय लागले तर हसलीस, 'राहू दे की' म्हणलीस. हात लई सुजलाय, डॉक्टरला दाखव म्हणलं, तर व्हय म्हणलीस. जाताना जुनं ब्लाऊज पण घेऊन गेलीस!"

घरात मी एकटी, दाराला आतून कडी. बेडरूममधला माझा झाकलेला आरसा आठवला. कशीबशी गेले… आरशावरची चादर घडी घालून पलंगावर ठेवलेली. तिच्यावर माझं जुनं ब्लाऊज.

बऱ्याच वेळाने मान वर केली. आरशात मीच होते, दुसरं कुणी नव्हतं. मग मात्र पोटभर रडले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना हात दाखवला. वेळेत आलात, म्हणाले. साखरपुड्याला तेच ब्लाऊज घालून गेले.

केतकी म्हणते, अक्काचा काहीतरी घोळ झाला असेल. असेलही. पण चादरीची घडी कुणी घातली, ते तिलाही सांगता येत नाही… मला तर नाहीच.

खरं सांगू? आता भीती नाही वाटत, हेवा वाटतो. हेच अंग घेऊन ती अक्काच्या आरशापुढे हसली. मी अजून नुसती उभी राहते.