संपाच्या तिसऱ्या दिवशी

नांदेडच्या ज्या दवाखान्यात मी उपअधीक्षक होतो, तिथे निवासी डॉक्टरांचा संप झाला की बोलणी करायला मलाच पुढे करत. आवाज न चढवणारा माणूस म्हणून माझी ख्याती होती.

त्या सोमवारी दुपारी नायगावकडचा सर्पदंशाचा एक पेशंट कॅज्युअल्टीत दगावला. आणायलाच उशीर झाला होता. ड्युटीवरच्या निवासी डॉक्टरने तसं सांगताच पेशंटच्या भावाने सलाईनचा लोखंडी स्टँड उचलून त्याच्या डोक्यात घातला. तो खाली पडला, तरी दुसरा घाव कानावर बसलाच. मी पोचलो तेव्हा त्याचेच मित्र त्याला टाके घालत होते, आणि फरशीवरच्या रक्तातून लोकांच्या चपला ये-जा करत होत्या.

भावाला पोलिसांनी नेलं. तासाभरात संप सुरू झाला. मागणी एकच: प्रत्येक वॉर्डाबाहेर रक्षक, आणि तेही लेखी. वरिष्ठ म्हणाले, तोंडी आश्वासन द्या. ते मी वर्षापूर्वीही दिलं होतं. संघटनेचा अध्यक्ष जळकोटचा, हळू बोलणारा. तो म्हणाला, "सर, आमचं डोकं फुटल्याबिगर आम्ही तुम्हाला दिसतच न्हाई."



तिसऱ्या दिवशी सकाळी ट्रकने उडवलेली एक बाई आली. संपातली एक डॉक्टर मुलगी कुणाला न विचारता तिच्याजवळ जाऊन कामाला लागली. दहा-बारा संपकरी आत घुसले. एकाने औषधांचं टेबल उलटं केलं. दुसऱ्याने मुलीच्या गळ्यातला स्टेथोस्कोप असा ओढला की ती गुडघ्यांवर आली. मी मध्ये पडलो. कुणीतरी ढकललं, डावं मनगट ट्रॉलीच्या कडेवर आपटलं आणि हाड मोडलेलं मला ऐकू आलं. अध्यक्ष दारातच उभा होता. त्याने कुणाला हात लावला नव्हता, पण कुणाला अडवतही नव्हता. मी उजव्या हाताने त्याच्या थोबाडीत मारली. ओठ फाटून रक्त त्याच्या हनुवटीवर आलं.

सगळे जागच्या जागी थांबले.

"आता तुमच्यात आणि त्या पेशंटच्या भावात काय फरक राहिला, सर?" त्याने विचारलं.

"काहीच नाही," मी म्हणालो. "पण ती बाई मरतेय. आधी तिला बघ."

तो बाईकडे गेला. श्वासाची नळी त्यानेच घातली. बाई वाचली.

हाताला प्लास्टर घालून घेतलं आणि कुणाला न विचारता रक्षकांचं पत्र सही करून अध्यक्षाला दिलं. संध्याकाळी संप मिटला. पोलिसांकडे जाऊन मी माझ्या थपडेचाही जबाब लिहून दिला. अध्यक्षाने तक्रार केली नाही. आठवड्यात रक्षक आले आणि माझी लातूरला बदली झाली. स्टँडचा मार खाल्लेल्या डॉक्टरला त्या कानाने आता ऐकू येत नाही.

जबाबात मी रागाच्या भरात मारलं असं लिहिलं. मारताना मला बरं वाटलं होतं, ते लिहिलं नाही.