नुसती बसलेली

आमच्याकडे दुखणं कुणी सांगत नाही, अंगावर काढतात. पेणच्या खाडीकडे मिठागरात माझ्या आईनं ताप अंगावर काढला, पायांच्या भेगा काढल्या, पोटातलं मूल गेलं तेही अंगावरच काढलं. तिचं बघून मी शिकले. शाळा सुटली आणि मिठाची टोपली डोक्यावर आली. लग्न होऊन रोह्याला आल्यावर लोकांच्या घरी पोळ्या लाटू लागले.

त्यातल्या एका घरी माझ्याच वयाच्या निवृत्त शिक्षिका होत्या, जमीनजुमल्याच्या घराण्यातल्या. बाईंनी पेटी वाजवणं सोडलं आणि घर हादरलं. मुलगी धावत आली, मनाचा डॉक्टर शोधला. सोबतीला मला नेलं. झोप लागते का, जेवण गोड लागतं का, जीव नकोसा होतो का, असं डॉक्टर विचारत होते. बाई रडत रडत सांगत होत्या आणि दाराशी उभी राहून मी ऐकत होते. एकेक उत्तर माझंच होतं! पण मी पोळ्या लाटणं सोडलं नव्हतं, मग कळणार कुणाला? खरं सांगते, मला बाईंच्या आजाराचा हेवा वाटला.

निघताना धीर करून म्हटलं, "डॉक्टर, मला पन असंच व्हतंय."

त्यांनी खुर्ची दिली. माणूस भला होता. "पूर्वी तुमचं मन कशात रमायचं?"

मी आठवत राहिले. रमायला वेळ कुणी दिला होता? शेवटी मिठागराचा बांध आठवला. टोपली उतरवून, मुकादमाची हाक येईपर्यंत मी तिथे टेकायचे.

"बसायला आवडायचं," मी म्हटलं.

ते हसले. "मग बसत जा की! दगदग कमी करा." आणि शक्तीच्या गोळ्या लिहून दिल्या.

आता पोळ्या होत नाहीत. सकाळपासून ओटीवर बसून असते. तहान लागली तरी उठवत नाही. सून ताट आणून ठेवते, ते तसंच निवतं. परवा शेजारीण थांबून म्हणाली, "बरं हाय गो तुझं! जल्मभर राबलीस, आता बसून खातेस."

शिफ्टला निघालेला मुलगा बूट घालता घालता अभिमानानं म्हणाला, "आता सुखात हाय आमची आई."

मला ओरडायचं होतं. दोघंही माझ्याकडे बघत होते.

"व्हय," मी म्हटलं.