तारांखालचा वड

लातूरच्या बाहेर उच्च दाबाच्या विजेच्या तारांखाली लांबच लांब मोकळी पट्टी आहे. तिथं घर बांधता येत नाही, म्हणून अख्खं गाव तिथं राडारोडा टाकायचं. निवृत्तीनंतर मी आणि आमच्या गल्लीतल्या चाचांनी तिथं पायवाट करायला घेतली. मी शाळामास्तर, चाचा जन्मभर खांबावर चढलेले वायरमन. काय लावायचं ते चाचाच ठरवत. तरवड, करवंद, मारवेल गवत. डोक्याच्या वर जाणारं काही नको, हा त्यांचा एकच नियम.

तिसऱ्या वर्षी गवतात तितरं बोलू लागली. बायका पहाटे फिरायला येऊ लागल्या. चाचांची बायको त्याच वर्षी गेली होती. सकाळ-संध्याकाळ नमाज झाली की ते तिथं यायचे, तास तास बसायचे. त्यांना दुसरं घर उरलं नव्हतं म्हटलं तरी चालेल.

मग उद्‌घाटनाची टूम निघाली. पाहुणे आले, हार आले, आणि कार्यकर्त्यांनी वडाचं रोप आणलं. पाहुण्यांच्या हस्ते तरवड लावणं शोभत नाही म्हणे! चाचा माझ्या कानाशी म्हणाले, "गुरुजी, वड नगं. वर तारा हायत."

मी म्हणालो, "असू द्या चाचा, पाहुण्यांचा मान. पावसाळा सरला की उचलून दुसरीकडं लावू."

भीड भिकेची बहीण. पावसाळा सरायच्या आधीच वटपौर्णिमा आली आणि बायकांनी त्या वीतभर रोपाला दोरा गुंडाळला. त्यात आमचीही होती. दोरा गुंडाळलेला वड कोण उपटणार? मी तर नाहीच. चाचा दर वर्षी त्याच्या शेंड्याकडं बघायचे, मग वर तारांकडं.

यंदा वळवाच्या वाऱ्यात फांदी तारेला लागली. ठिणग्या उडाल्या, अर्धं गाव अंधारात गेलं. चौथ्या दिवशी जेसीबी आला. तारांखालचं सगळं साफ करायचा हुकूम होता. चाचा वीज कंपनीच्या साहेबांपुढं हात जोडून उभे राहिले. "साहेब, ही तरवड हाय. हिनं तारेला काय केलंय?"

साहेब म्हणाले, "चाचा, हुकमात तसं वेगळं लिहिलेलं न्हाई."

जेसीबीवाल्यानं वडापाशी येऊन चपला काढल्या, नमस्कार केला, वरच्या फांद्या तेवढ्या छाटून घेतल्या. मग वडाला वळसा घालून बाकी सगळं खरवडून काढलं. दुपारपर्यंत उघडी काळी माती राहिली आणि मधोमध तो थोटा वड. मला त्या झाडाचा राग आला, आणि झाडावर रागावलो म्हणून स्वतःची लाज वाटली.

चाचा मातीत बसले होते. मी म्हणालो, "चाचा, तुम्ही मोठ्यानं बोलायचं होतं हो तेव्हा. जन्म गेला तुमचा तारांवर, तुमचं कुणी मोडलं नसतं."

त्यांनी हाताची माती झटकली. मग अगदी हळू म्हणाले, "गुरुजी, तुम्ही बोलला असता तर मास्तर बोलला, एवढंच झालं असतं. वड नगं असं मी म्हणलो असतो, तर कोण म्हणलं ते लोकांनी आधी बघितलं असतं. म्हणून तर तुमच्या कानात सांगितलं."

चाळीस वर्षं एका गल्लीत राहून हे मला कळलं नव्हतं.